खडबडीत भिंत गुळगुळीत करताय? आधी सरळ पट्टी आणि दोन एटीएम कार्डे घ्या

जुन्नर, आंबेगावात घराचे नूतनीकरण काढले की पहिला प्रश्न भिंतींचा येतो. पुट्टी, नवे प्लास्टर, जिप्सम की आहे तसेच ठेवायचे? भिंत ओळखण्यापासून ठेकेदाराशी बोलण्यापर्यंत सविस्तर माहिती.

थोडक्यात

• पांढऱ्या सिमेंटची साधी पुट्टी दोन हात मिळून सुमारे दीड मिलिमीटरपर्यंतच चालते. त्याहून खोल खड्डे तिने भरू नयेत.
• भिंत मातीची आहे, सिमेंटची आहे की वर टेक्श्चर पेंट आहे, यावर उपाय ठरतो.
• ओल असेल तर आधी ओलीचे कारण शोधा. रंगकाम नंतर.
• जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका आणि जाळूही नका.

जुन्नर/मंचर : दसरा झाला, पाऊस ओसरला की दोन्ही तालुक्यांत घरांची कामे निघतात. कुणाच्या घरी तुळशीच्या लग्नानंतर कार्य असते, कुणाच्या हाती उसाचे किंवा टोमॅटोचे पैसे आलेले असतात. ओतूरपासून मंचरपर्यंत रस्त्याकडेच्या हार्डवेअरच्या दुकानांत या दिवसांत पुट्टीची पोती हलत असतात.

मग एक तक्रार पुढच्या पावसाळ्यात हमखास ऐकू येते. दिवाळीला पांढरीशुभ्र केलेली भिंत ऑगस्टमध्ये पोपडे सोडू लागते. दोष पुट्टीच्या कंपनीला दिला जातो, नाहीतर पेंटरला. बऱ्याच वेळा चूक त्याआधीच झालेली असते. भिंत कशाची आहे, ती किती खडबडीत आहे आणि आत ओल आहे का, हे न तपासताच तिच्यावर पुट्टी ओढलेली असते.

भिंती मुळात खडबडीत का असतात?

खडबडीतपणा बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेला असतो. त्याची कारणे तीन.

पहिले कारण खर्च. सिमेंटच्या प्लास्टरवर नीरूचा, म्हणजे चाळलेल्या चुन्याचा हात दिला की भिंत गुळगुळीत होते. तो हात वाचवला की लाकडी रंध्याने घासलेले वाळूचे दाणे तसेच दिसतात. यालाच गवंडी सॅन्ड फेस म्हणतात. अनेक घरांत समोरची खोली नीरूची आणि आतल्या खोल्या, जिना, पडवी सॅन्ड फेसची, अशी वाटणी दिसते.

दुसरे कारण झाकण्याचे. काळ्या दगडाची बांधलेली भिंत ओळंब्यात असली तरी तिचा पृष्ठभाग सपाट नसतो. दाणेदार प्लास्टरवर हा उंचसखलपणा डोळ्यांना कमी खुपतो. अलीकडचा टेक्श्चर पेंटही बारीक भेगा झाकतो म्हणूनच विकला जातो. त्यामुळे खडबडीत थर काढताना तो खाली काय झाकत होता, ते बघण्याची तयारी ठेवावी.

तिसरे कारण पावसाचे. बाहेरच्या भिंतीवर बारीक खडी मिसळलेला माल थापीने फेकून रफकास्ट करतात. जाड, दाणेदार थर पावसाचा मारा सोसतो. त्यावर बारीक भेगा आणि डागही लवकर दिसत नाहीत.

तुमची भिंत यातली कोणती?

मातीची किंवा दगड-मातीची भिंत : जुन्नर शहरातले जुने वाडे, ओतूर, घोडेगावातली जुनी घरे यात येतात. खाली दगडी जोते, वर पांढऱ्या मातीत किंवा मातीच्या मसाल्यात बांधलेली भिंत, आत लाकडी खांब, वरून माती, शेण आणि भुसा कालवून केलेला गिलावा. कोपरा खरवडला की माती हाताला लागते.

सॅन्ड फेस प्लास्टर : हात फिरवला की पॉलिश पेपरसारखे लागते. खरवडले की करडे सिमेंट दिसते. वर अनेकदा चुना, त्यावर डिस्टेंपर आणि जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा असतो.

रफकास्ट : खडीचे दाणे स्पष्ट दिसतात, टोके हाताला बोचतात. हे बहुतेक बाहेरच्या भिंतीवर असते. मात्र जुनी पडवी बंद करून खोली केली की हीच भिंत घराच्या आत येते.

टेक्श्चर पेंट : टीव्हीच्या मागची रेघारेघांची किंवा लाटांची भिंत. नखाने दाबले की थर किंचित रबरासारखा लागतो. हा प्लास्टिक रंगाच्या जातीचा जाड लेप असतो.

मोबाइलवरचे परदेशी व्हिडिओ इथे का चालत नाहीत?

व्हिडिओत पाणी फवारून पंधरा मिनिटांत छत किंवा भिंत खरवडून काढताना दिसते. ती घरे बहुतेक जिप्सम बोर्डाची असतात आणि वरचा दाणेदार थर पाण्याने मऊ होणारा असतो. आपल्याकडचे सॅन्ड फेस सिमेंटचे असते. सिमेंट पाण्याने सुटत नाही.

आणखी एक फरक आहे. ब्रिटनमध्ये आर्टेक्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेक्श्चर लेपांत १९८० च्या दशकापर्यंत ॲस्बेस्टॉस असायचे. तिथे १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी आली. म्हणून तिकडे असा जुना थर काढण्याआधी तपासणी करायला सांगतात. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसचा जास्त संबंध छपरावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांशी येतो. नूतनीकरणात असे पत्रे उतरवायचे असतील तर ते ग्राइंडरने कापू नका, फोडू नका. ओले करून अख्खे उतरवा.

घरच्या घरी पाच चाचण्या

या चाचण्यांना खर्च जवळजवळ शून्य. प्रत्येक खोलीत दोन-तीन ठिकाणी करा.

१. पट्टी आणि कार्डाची चाचणी. गवंड्याची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी भिंतीवर आडवी धरा. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते, म्हणजे दोन कार्डे मिळून दीड मिलिमीटर. उठावदार अक्षरे नसलेला भाग वापरा. पट्टीखालून दोन कार्डे एकत्र सहज आत जात असतील तर तिथला खड्डा साध्या पुट्टीच्या आवाक्याबाहेर आहे. एकच कार्ड अडकत जात असेल तर पुट्टीने काम होईल.

पट्टी उभी, आडवी आणि तिरकी धरून पाहा. एक फुटाची पट्टी दाणे आणि रेघा सांगते. सहा फुटांची पट्टी भिंत मध्ये फुगली आहे की दबली आहे, ते सांगते. या दोन वेगळ्या अडचणी आहेत. दाणे पुट्टीने बुजतात, फुगवटा बुजत नाही.

२. ठोकून पाहा. बोटाच्या पेराने किंवा नाण्याने भिंतीवर टकटक करा. भरीव आवाज आला तर प्लास्टर धरून आहे. ढबढब आवाज आला तर ते मागच्या भिंतीपासून सुटले आहे. तेवढ्या भागावर खडूने खूण करा. तो भाग काढावाच लागेल.

३. तळहात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर वर चुन्याचे किंवा मेलेल्या डिस्टेंपरचे थर आहेत. त्यावर पुट्टी लावली तर ती भिंतीला नव्हे, भुकटीला चिकटते आणि पुढे पापुद्र्यासारखी निघते.

४. चिकटपट्टी लावा. रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंगाचे तुकडे पट्टीबरोबर आले तर जुना रंग खरवडणे भाग आहे.

५. प्लास्टिकची चाचणी. सुमारे दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद बसवा. दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती खोलीतली दमट हवा आहे.

भिंतीच्या तळाशी पांढरी खार फुटलेली दिसली तर पाचवी चाचणी टाळू नका. जमिनीतली ओल वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ते साचत गेले की वरचा रंग आणि पुट्टी ढकलून देतात.

पुट्टीच्या पोत्याआधी हे गणित करा

समजा खोली १२ बाय १० फुटांची आणि उंची १० फूट. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दार-खिडकीचे ५० चौरस फूट वजा केले तर ३९० उरतात, म्हणजे जवळपास ४ ब्रास. मीटरमध्ये सुमारे ३६ चौरस मीटर.

इतक्या भिंतीवर १ मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा तर ३६ लिटर माल लागतो. सरासरी ३ मिलिमीटर खोली भरायची असेल तर १०८ लिटर, म्हणजे रंगाचे २० लिटरचे साडेपाच डबे भरतील इतका माल फक्त खड्डे बुजवायला जाईल. हे एका खोलीचे झाले.

आता दुसरी बाजू. आधी उंच टोके खरवडून सरासरी खोली १ मिलिमीटरवर आणली तर तेच काम दोन डब्यांच्या आत बसते. एक दिवस जास्तीची मजुरी द्यावी लागली तरी माल वाचतो आणि थर पातळ राहिल्याने तो टिकतोही. 'घासत बसू नका, पुट्टीत जाईल' हा सल्ला म्हणूनच महाग पडतो.

आणि सगळे प्लास्टरच काढले तर? १५ मिलिमीटर जाडीचे प्लास्टर या एका खोलीतून सुमारे अर्धा घनमीटर निघते. त्याचे वजन एक टनाच्या आसपास भरते. चार खोल्यांचे घर असेल तर चार टन राडारोडा. तो कुठे जाणार, हे काम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे. ओढ्यात किंवा नदीकाठी टाकणे हा पर्याय नाही.

पाच उपाय, कोणता कधी?

उपाय १ : टोके काढून पुट्टी
भिंत भरीव आहे, ओल नाही, कार्डाच्या चाचणीत पास आहे, तर हा सर्वांत स्वस्त मार्ग. सॅन्ड फेसची टोके लोखंडी पत्र्याने किंवा खरखरीत दगडाने घासा, चुना आणि सुटलेला रंग पूर्ण खरवडा, भिंत धुऊन घ्या. मग पुट्टीचे दोन पातळ हात. पहिला हात खड्ड्यांत दाबून भरायचा, दुसरा आडव्या-उभ्या दिशेने सपाट ओढायचा. एकाच जाड हातात काम उरकले तर पुट्टी आकसताना भेगा पडतात.

ऑइल पेंटच्या पट्ट्यावर सिमेंटची पुट्टी नीट धरत नाही. तो भाग आधी खडबडीत करावा लागतो किंवा रंग काढावा लागतो. तळापासून तीन-चार फुटांवर आडवी रेघ धरून पुट्टी निघाली असेल, तर कारण बहुधा हेच असते.

टेक्श्चर पेंटचा थर पाणी मारून अर्धा तास भिजू दिला तर काही ठिकाणी मऊ होतो आणि पत्र्याने निघतो. निघत नसेल तर टोके घासून, त्यावर पकड देणारा प्रायमर लावून मगच पुट्टी घ्यावी.

उपाय २ : लेव्हलिंग पुट्टी किंवा जिप्सम
दोन कार्डांपेक्षा खोल, पण प्लास्टर चांगले, अशा आतल्या भिंतींसाठी. जाड थरासाठी वेगळी, भरड पुट्टी मिळते. किती जाडी चालते, ते पोत्यावर छापलेले असते. दुकानदाराला 'पुट्टी द्या' इतकेच न सांगता ते वाचून घ्या.

जिप्सम प्लास्टर किंवा पीओपी पनिंग सपाट येते, पाणी मारावे लागत नाही आणि काम लवकर होते. पण जिप्समला ओल सोसत नाही. न्हाणीघर, मोरीची मागची भिंत, बाहेरची बाजू, खार फुटलेला तळ इथे ते वापरू नये. घोडेगावाच्या पश्चिमेला डिंभे, भीमाशंकरच्या बाजूला आणि जुन्नरच्या पश्चिमेला आपटाळे, नाणेघाट पट्ट्यात पाऊस मंचर, आळेफाट्याच्या मानाने खूप जास्त. तिथे पश्चिमेकडून झड घेणाऱ्या भिंतीवर आतून जिप्सम करण्याआधी दोनदा विचार करा.

उपाय ३ : टाचे मारून नवे प्लास्टर
रफकास्ट असेल, भिंत फुगली-दबली असेल किंवा जागोजागी ढबढब वाजत असेल तर हाच मार्ग. सुटलेले प्लास्टर काढायचे, टिकलेल्या भागावर दाट टाचे मारायचे, धूळ धुवायची, सिमेंटचा राप किंवा बाँडिंगचे रसायन लावून त्यावर नवा माल थापायचा. नव्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारा. रंगाआधी महिनाभर सुकू द्या. ओल्या प्लास्टरवर चढवलेला रंग पुढे डाग धरतो.

१२ मिलिमीटरच्या नव्या थराने आपल्या उदाहरणातल्या खोलीत साधारण ८५० किलो वजन वाढते. सिमेंट-विटांच्या पक्क्या भिंतीला त्याचे काही वाटत नाही. जुन्या मातीच्या भिंतीला वाटते.

उपाय ४ : पॅनेल, बोर्ड किंवा टाइल
लोखंडी चौकटीवर जिप्सम बोर्ड किंवा पीव्हीसी पॅनेल बसवले की भिंतीला हात न लावता खोली सपाट दिसते. पण प्रत्येक भिंतीमागे दोन-तीन इंच जागा जाते. पॅनेलमागे ओल असेल तर ती दिसत नाही, इतकेच. ती वाढतच राहते आणि वाळवी, झुरळे, उंदरांना मोकळी जागा मिळते. कोरड्या भिंतीवर, शक्यतो एकाच बाजूला पॅनेल ठीक. ओल झाकण्यासाठी नको.

उपाय ५ : खडबडीतपणा ठेवून रंग
या उपायाचा विचार सर्वांत कमी होतो. जिना, पडवी, गोठ्याकडची भिंत, बाहेरची बाजू इथे खडबडीतपणा त्रास देत नाही. रफकास्टवरचे शेवाळ तारेच्या ब्रशने काढा, भेगा भरा, बाहेरचा रंग द्या, काम संपले.

आतल्या खोलीतही रंग आणि उजेड बदलून बराच फरक पडतो. चकचकीत रंगावर प्रत्येक दाणा चमकतो, मॅट रंगावर तो विरतो. भिंतीला चिकटून वरून खाली प्रकाश सोडणारे दिवे खड्ड्यांच्या सावल्या पाडतात. दिवा खोलीच्या मध्यावर आणला तर त्याच सावल्या नाहीशा होतात.

मातीची भिंत असेल तर सिमेंट नको

जुन्या वाड्यांत सर्वांत जास्त नुकसान इथे होते. मातीची भिंत जमिनीतली आणि हवेतली ओल घेते आणि हळूहळू सोडते. गिलावाही मातीचा असल्याने दोन्ही सोबत फुगतात, सोबत आकसतात. त्यावर सिमेंटचे प्लास्टर केले की बाहेर एक कडक कवच तयार होते. ओल आत अडकते, बाहेर पडायला वाट शोधत आणखी वर चढते. काही वर्षांत कवच सुटते आणि निघताना मातीचा थर सोबत घेऊन जाते. आत लाकडी खांब असतील तर अडकलेल्या ओलीने ते कुजण्याचा धोका असतो.

अशा भिंतीला चुना-मातीचा किंवा चुना-वाळूचा गिलावा आणि वर चुन्याचा हात चालतो. तो सिमेंटइतका कडक होत नाही, सुकायला वेळ घेतो आणि मधूनमधून डागडुजी मागतो. पण तो भिंतीला श्वास घेऊ देतो. आरशासारखा सपाटपणा या भिंतीकडून मागू नये. हलका उंचसखलपणा हा तिचा मूळ स्वभाव आहे.

अशा घरात ब्रेकर मशीन लावू नका. त्याच्या हादऱ्याने मातीचे सांधे सुटतात. छन्नी-हातोड्याने थोडे थोडे काढा. गिलाव्याखाली तिरकी, वर रुंद होत गेलेली भेग दिसली किंवा भिंत बाहेर कललेली वाटली, तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्यावर पुट्टी ओढणे म्हणजे इशारा पुसून टाकणे.

घर शिवनेरी किंवा लेण्यांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असेल तर आणखी एक बाब तपासा. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र बांधकामासाठी प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असते. तिथे घराच्या दुरुस्ती, नूतनीकरणालाही परवानगी लागू शकते. भिंत पाडण्याआधी किंवा बाहेरून बदल करण्याआधी नगर परिषद किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

धूळ : सर्वांत दुर्लक्षित धोका

भिंत घासताना दोन प्रकारची धूळ उडते.

पहिली सिमेंट-वाळूची. तिच्यात सिलिकाचे अतिबारीक कण असू शकतात. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात. वर्षानुवर्षे अशी धूळ घेणाऱ्यांना सिलिकोसिस होतो आणि तो पूर्ण बरा करणारे औषध नाही. घरमालकाचे काम दोन आठवड्यांत संपते, पण घासणारा बिगारी वर्षभर हेच करतो. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. एन-९५ मास्क द्या. कोरडे ग्राइंडर लावण्याऐवजी भिंत ओली करून घासायला सांगा. यंत्रच वापरायचे असेल तर धूळ ओढणारे व्हॅक्युम जोडलेले घ्या.

दुसरी धूळ जुन्या ऑइल पेंटची. पूर्वीच्या पिवळ्या, लाल, केशरी, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता जास्त. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत किती शिसे आहे, हे नुसते बघून कळत नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि गरोदर महिलांवर त्याचा सर्वाधिक परिणाम होतो.

म्हणून हे पाळा :

• ऑइल पेंटचा पट्टा, दारे, खिडक्या कोरड्या घासू नका. पाणी लावून घासा.
• रंग जाळून काढू नका. त्याच्या धुरातही शिसे असू शकते.
• काम चालू असलेल्या खोलीचे दार प्लास्टिकने बंद करा. धान्याच्या कोठ्या, अंथरुणे, भांडी आधी बाहेर काढा.
• झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा.
• लहान मुले आणि गरोदर महिला यांची सोय तेवढे दिवस नातेवाइकांकडे करा.
• घरात धूळ आहे म्हणून अंगणात किंवा उघड्या पडवीत झोपू नका. दोन्ही तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे. रात्री बंद होणारी एक खोली कामातून वगळून ठेवा.

भिंत ओली करण्याआधी त्या खोलीचा वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद करा. स्विच बोर्डांवर प्लास्टिक बांधा. टाचे मारताना भिंतीतल्या वायरिंगचा मार्ग आधी खडूने आखून घ्या.

कामाचा क्रम आणि हंगाम

भिंतीचे काम मध्येच सुरू केले की ते दोनदा करावे लागते. क्रम असा ठेवा : आधी स्लॅब किंवा छपराची गळती, मग बाहेरच्या भिंतीच्या भेगा आणि पाण्याचा निचरा, मग वायरिंग आणि नळाची फोडाफोड, त्यानंतर प्लास्टर, शेवटी पुट्टी, प्रायमर आणि रंग.

पावसाळा संपल्यावर लगेच पुट्टी लावण्याची घाई नको. सप्टेंबरअखेर भिंती आतून भिजलेल्या असतात, पश्चिम पट्ट्यात तर जास्तच. गळती आणि भेगा पावसाळ्यातच हेरून ठेवा, कारण ओलीचा नकाशा तेव्हाच दिसतो. त्याचे मोबाइलवर फोटो काढा. ऑक्टोबरमध्ये खरवडणे, फोडाफोड, प्लास्टर करा. प्लास्टिकची चाचणी कोरडी आली की पुट्टी आणि रंग. नवे प्लास्टर असेल तर घरच्या कार्याच्या तारखेपासून मागे मोजून किमान दोन महिने हाताशी ठेवा.

ठेकेदाराशी काय ठरवाल?

• दर मजुरीचा की मालासह? चौरस फुटावर की ब्रासवर?
• दार-खिडकीचे माप वजा होणार का?
• खरवडणे, धुणे आणि टोके घासणे दरात धरले आहे का? बहुतेक वाद इथेच होतात.
• पुट्टीचे किती हात, प्रायमरचे किती, रंगाचे किती?
• राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार?
• शेवटचा हप्ता कधी? तो रंग पूर्ण सुकल्यावर, दिवसाच्या आणि दिव्याच्या अशा दोन्ही उजेडांत भिंत पाहून द्या.

सगळ्यात महत्त्वाचे, सगळ्यात वाईट भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना आधी करून घ्या. एका आठवड्याने त्यावर चिकटपट्टीची चाचणी करा. नमुना टिकला तर बाकीचे घर त्याच पद्धतीने. नाही टिकला, तर नुकसान नऊ चौरस फुटांपुरतेच.

नेहमीचे प्रश्न

पुट्टीवर पुट्टी चालते का?
खालची पुट्टी भरीव असेल आणि भुकटी सोडत नसेल तर पातळ हात चालतो. पोपडे आलेले असतील तर ते मुळापर्यंत खरवडल्याशिवाय नाही.

ओलीवर 'वॉटरप्रूफ' रंग लावला तर?
आतून लावलेला रंग पाण्याचा उगम बंद करत नाही. ओल दुसरीकडून बाहेर येते. गळती, फुटका नळ, जोत्याला लागून साचणारे पाणी यांचा बंदोबस्त आधी करा.

सगळे घर एकदम सपाट करायलाच हवे का?
नाही. पैसे मर्यादित असतील तर समोरची खोली आणि जिथे मुले झोपतात ती खोली आधी घ्या. पडवी, जिना आणि बाहेरच्या भिंती नुसत्या स्वच्छ करून रंगवा. वाचलेले पैसे छपराच्या गळतीला लावा. छप्पर कोरडे असेल तर आतली साधी भिंतही वर्षानुवर्षे टिकते. ते गळत असेल तर महागडी भिंतही एका पावसाळ्याची.